मेंदूत भाषांचे भांडण नसते

जून महिना आला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. जन्मदाखला, आधार कार्डाची झेरॉक्स, लसीकरणाचे कार्ड सारे टेबलावर ठेवून झाले की आई जरा पुढे वाकते आणि हळूच विचारते, ‘‘सर, घरात मराठीच बोलत राहिलो तर पोरगं गोंधळतंय काय ओ?’’ घरी मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, फळ्यावर इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. एवढ्याशा डोक्यात चार भाषा मावणार कशा, ही तिची काळजी. आमच्या समितीच्या बैठकांत भाषेवर पुष्कळ बोलले जाते. निवेदने, अर्ज, स्मरणपत्रे यांत निम्मे आयुष्य गेले. पण या आईच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिलेले आहे. सांगताना संकोच वाटतो, पण लपवून उपयोग नाही. १९९८ सालची गोष्ट. आम्ही नोकरीत नवखे होतो. गल्लीतले मास्तर म्हणून शेजारची एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मुलीला नुकतेच इंग्रजी माध्यमात घातले होते आणि ती वर्गात तोंड उघडत नव्हती. आम्ही खुर्चीत मागे रेलून सांगितले, ‘‘घरात मराठी बंद करा. येईल तेवढे इंग्रजीच बोला.’’ त्या माउलीने आमचा शब्द प्रमाण मानला. तिच्याजवळ इंग्रजी शब्द होते पंधरा-वीस. कम, गो, ईट, स्लीप, गुड गर्ल. एवढ्यात आई मुलीशी काय बोलणार? शिवारातली, गिरणीतली, माहेरची एकही गोष्ट त्यात बसेना. हळूहळू त्या घरात बोलणे आटले आणि हुकूम तेवढे उरले. मुलीचे इंग्रजी सुधारले नाहीच, ती घरातही गप्प राहू लागली. आजीने मात्र आमचा सल्ला जुमानला नाही. रात्री अंथरुणात ती नातीला मराठीतच गोष्टी सांगत राहिली. त्या आजीचे आम्ही आजही मनोमन आभार मानतो.

आमच्या बी.एड.च्या अभ्यासात पाव्हलॉव्हचा कुत्रा होता, थॉर्नडाइकचे मांजर होते. मेंदूवर मात्र नावापुरतीच चार पाने होती. मूल म्हणजे मडके, त्यात भाषा ओतायच्या, एक जास्त ओतली की दुसरी सांडणार, अशी काहीशी समजूत घेऊन आम्ही वर्गात उभे राहिलो. मडक्याचा हा दाखला मुळातच खोटा आहे. तो का खोटा, हे समजण्यासाठी मेंदू कसा घडतो ते थोडे पाहावे लागेल. वाचकांनी कंटाळा करू नये.

गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या बाजूस पेशींचा एक पातळ पट्टा दिसू लागतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना भिडतात आणि करंजीच्या कडा मिटाव्यात तशा मिटून त्यांची नळी होते. साधारण २८ व्या दिवसापर्यंत ही नळी दोन्ही टोकांना बंद होते. वरच्या टोकाचा मेंदू होतो, उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. कडा नीट जुळल्या नाहीत तर मूल कण्याचे किंवा डोक्याचे गंभीर व्यंग घेऊन येते. २८ वा दिवस म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे नक्की कळण्याच्याही आधीचा. फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाने हा दोष बऱ्याच अंशी टळतो, हे ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीत १९९१ साली दिसून आले. तेव्हा घरात नवी सून आली असेल आणि मूल हवे असेल, तर दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांना किंवा आशाताईंना या गोळ्यांविषयी विचारावे. थोडे विषयांतर झाले, पण मेंदूबद्दल लिहायचे आणि हे सांगायचे नाही, हे बरे दिसले नसते.

त्या नळीच्या आतल्या भिंतीलगत मेंदूच्या पेशी, म्हणजे चेतापेशी, जन्म घेतात. जन्मल्या जागी त्या राहत नाहीत. काठीला धरून घेवड्याचा वेल चढतो तशा मदतनीस पेशींच्या लांब धाग्यांना धरून त्या वर सरकतात आणि नेमून दिलेल्या थरात जाऊन बसतात. प्रौढ माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. पूर्वी सरसकट १०,००० कोटी म्हटले जाई. सुझाना हर्क्युलानो-हाउझेल या ब्राझीलच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी खरोखर मोजण्याची युक्ती काढली आणि २००९ मध्ये हा आकडा खाली आणला. यांतल्या बहुतेक पेशी मूल जन्मण्यापूर्वीच तयार झालेल्या असतात. तरीही नवजात बाळाचा मेंदू भरतो साडेतीनशे ते चारशे ग्रॅम आणि मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशे. पेशी फारशा वाढल्या नाहीत, मग वजन कशाचे वाढले? मुख्यतः पेशींना फुटणाऱ्या फांद्यांचे आणि त्यांच्यावर चढणाऱ्या आवरणाचे.

या फांद्या प्रथम नीट पाहिल्या त्या स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल या डॉक्टराने. लहानपणी त्याला चित्रकार व्हायचे होते, वडिलांनी वैद्यकीकडे वळवले. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवण्याची रीत शोधली होती. गंमत अशी की त्या रंगात शंभरातील एखाद-दुसरी पेशीच रंगते, म्हणून ती मुळापासून शेंड्यापर्यंत सुटी दिसते. काहाल सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती चित्रे काढत बसला आणि १८८८ मध्ये त्याने दाखवले, की मेंदू म्हणजे अखंड विणलेले जाळे नव्हे. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. त्या एकमेकींना भेटतात, पण चिकटत नाहीत. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले आणि तेथील भाषणात गोल्जींनी काहालचे म्हणणेच खोडून काढण्याचा प्रयत्न केला. समितीच्या बैठकांची सवय असल्याने आम्हाला याचे फारसे नवल वाटले नाही. असो. काहालच बरोबर ठरला.

दोन पेशींच्या टोकांमध्ये केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतकी फट असते. पेशीच्या लांब तंतूमधून विजेची बारीकशी लहर येते, टोकाशी पोचली की एक रसायन सुटते, ते फट ओलांडते आणि पलीकडच्या पेशीला जागे करते किंवा गप्प बसवते. या जोडाला इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांच्यामुळे १८९७ पासून ‘सिनॅप्स’ म्हणतात. आपण सांधा म्हणू. एकेका पेशीला असे हजारो सांधे असतात. विजेच्या तारेला रबराचे वेष्टन असते तसे स्निग्ध वेष्टन या तंतूंवरही चढते. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून लहर सेकंदाला सुमारे एक मीटर सरकते, जाड वेष्टन असलेल्यातून शंभर मीटर. हे वेष्टन चढण्याचे काम जन्मापूर्वी सुरू होते ते विशीपर्यंत चालूच असते.

आता मुद्द्याची गोष्ट. आमचे वाचक शेतकरी आहेत, त्यांना ती आमच्यापेक्षा लवकर कळेल. जोंधळा किंवा मका पेरताना बी जरा जास्त टाकतात. उगवण झाली की विरळणी करतात. मेंदूही नेमके हेच करतो. १९७९ साली शिकागोचे पीटर हटनलोकर यांनी वेगवेगळ्या वयात मरण पावलेल्यांच्या मेंदूच्या पुढील भागातील सांधे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. एक-दोन वर्षांच्या मुलात ते प्रौढापेक्षा सुमारे दीडपट दाट निघाले. पुढे वयात येईपर्यंत ते कमी कमी होत जातात. ही झीज नव्हे, विरळणी आहे. कोणते रोप ठेवायचे हे शेतात शेतकरी ठरवतो, मेंदूत ते वापर ठरवतो. ज्या सांध्यातून वरचेवर लहर जाते तो बळकट होतो, ज्याला कोणी विचारत नाही तो गळून पडतो.

याचा पुरावा मांजराच्या पिलांनी दिला. अमेरिकेत डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६३ मध्ये पिलाची एक पापणी जन्मानंतरचे काही आठवडे शिवून बंद ठेवली. नंतर उघडली तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूतील पाहणाऱ्या पेशींनी त्या डोळ्याची दखल घेणे जवळजवळ सोडून दिले होते. त्यांची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजराचा डोळा त्याहून जास्त दिवस झाकला तरी असे होत नाही. १९८१ चे नोबेल यातूनच आले आणि जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत का करावी, हेही यातूनच समजले. कानाचेही असेच आहे. बाळ आवाजाकडे वळत नसेल, तर ‘‘उशिरा बोलेल, बापावर गेलाय,’’ म्हणून वर्ष घालवू नये. आधी कान तपासून घ्यावेत.

आता भाषेकडे येऊ. आईच्या पोटात असतानाच शेवटच्या काही महिन्यांत बाळ ऐकू लागते. नवजात बाळ परक्या बाईपेक्षा आईचा आवाज पसंत करते, हे १९८० मध्ये अमेरिकेत दाखवले गेले. चोखणी कशा लयीत चोखली की कोणाचा आवाज येतो, हे बाळाला समजते आणि ते त्याप्रमाणे चोखते, अशी ती युक्ती होती. १९९३ मधील दुसऱ्या प्रयोगात दोन दिवसांच्या बाळांनी आपल्या आईच्या भाषेला परक्या भाषेपेक्षा जास्त पसंती दिली. म्हणजे मराठी घरातले मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यामागे मराठी ऐकल्याची सहा वर्षे असतात आणि वर पोटातले काही महिने.

पण आम्हाला सर्वांत आवडलेला प्रयोग ‘त’ आणि ‘ट’चा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ‘ताट’ आणि ‘टाट’ यांतला फरक ऐकूच येत नाही. आपल्याला नवल वाटते, पण खरे आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. हिंदी घरांतल्या बाळांनी मात्र तो वर्षाच्या सुमारासही शाबूत ठेवला होता. पाळण्यात असतानाच मेंदूने हिशेब केला होता, की हा फरक आपल्या घरात लागतो की लागत नाही.

हे आपल्या सीमाभागाला लावून पाहा. ‘त’ आणि ‘ट’चा भेद मराठीत आहे, कन्नडातही आहे. ‘ळ’ दोघींचा आहे. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील दोन वेगळे ‘च’ मूल मराठीतून उचलते. कन्नडात ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्याने शब्दाचा अर्थ बदलतो. तो भेद ते शेजारच्या अक्काकडून उचलते. एका भाषेने दुसरीची जागा खाल्ली, असे यात कोठे होत नाही. दोन्ही कानांवर पडल्या तर मेंदू दोन्हींचे सांधे राखतो.

मग गोंधळ दिसतो तो काय असतो? मूल म्हणते, ‘‘आई, माझं बुक बॅगेत नाही, टीचर बैतार,’’ म्हणजे टीचर रागावतील. एका वाक्यात तीन भाषा. पालक कपाळाला हात लावतात. पण नीट पाहिले तर वाक्याचा सांगाडा पक्का मराठी आहे, अडला तेथे मुलाने जवळचा शब्द घेतला इतकेच. कन्नड मास्तरांपुढे तेच मूल मराठी शब्द बेताने वापरते. कोणापुढे काय चालते हे त्याला कळते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी भरतात, हे खरे आहे. दोन्ही मिळून मोजले तर ते मागे नसते. आम्ही शिक्षक एकाच भाषेचे शब्द मोजतो आणि मुलाला मंद ठरवतो.

शब्द मात्र माणसाच्या तोंडून यावे लागतात. सिएटलच्या पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेची बारा सत्रे दिली. काहींसमोर चिनी बाई प्रत्यक्ष बसून खेळल्या, बोलल्या. काहींना त्याच बाया, तेच बोलणे टीव्हीवर दाखवले. पहिली बाळे चिनी आवाज ओळखायला शिकली. टीव्हीपुढची बाळे अजिबात शिकली नाहीत. भाताचा घास भरवताना बाळापुढे मोबाईल उभा करणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. बाळ ‘अं’ म्हणते, आपण ‘काय रे सोन्या’ म्हणतो, ते परत ‘अं’ म्हणते. ही देवाणघेवाण मोबाईलला करता येत नाही.

बोलणारे माणूसच नसेल तर काय होते, हे रुमानियाच्या अनाथालयांतून दिसले. तेथे एकेका दाईकडे कितीतरी बाळे असत. पोटाला मिळे, बोलायला कोणी नसे. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून घरांत सांभाळायला दिली गेली. घरी गेलेली मुले बुद्धीच्या चाचण्यांत पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली सर्वांत पुढे. १९९८ मध्ये आम्ही त्या आईला दिलेला सल्ला आठवला की हा अभ्यास आम्हाला टोचतो. तेथे आजी होती म्हणून निभावले.

आता ज्यांचे वय झाले त्यांचे काय? दार बंद झाले असे समजू नये. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर माणसांना, त्यांत बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले आणि आधी-नंतर एमआरआय काढले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या खोल भागांचे पाहण्याच्या भागाशी असलेले दळणवळण सुधारलेले दिसले. तिशीतल्या बायकांचा मेंदू अर्ध्या वर्षात बदलू शकतो, तर आमच्या गावांतल्या बायकांनी कन्नड अक्षरे शिकायला आणि कन्नड शेजाऱ्यांनी आमची शिकायला हरकत काय? हैदराबादला निजामाच्या नावाच्या वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची पाहणी केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेला आढळला, निरक्षरांतही. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या सर्व अभ्यासांत असेच आढळले असे नाही, म्हणून आम्ही याला औषध म्हणणार नाही. पण दोन भाषांनी डोके शिणते, या समजुतीला यात काही आधार नाही एवढे नक्की.

उलट भाषा बंदच केली तर काय होते तेही पाहिले गेले आहे. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही जणांना मोठेपणी कोरियन वाक्ये ऐकवली. २००३ च्या त्या अभ्यासात त्यांना ती ओळखता आली नाहीत आणि मेंदूच्या चित्रांतही ते फ्रेंच माणसांहून निराळे दिसले नाहीत. आठ वर्षांचे मूल घडाघडा बोलते, तरी भाषा पुसली गेली. मात्र २०१४ मध्ये कॅनडातील माँट्रियलच्या अभ्यासात जरा वेगळे दिसले. चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या, चिनीचा एक शब्दही न येणाऱ्या मुलींना चिनी स्वरांचे चढउतार ऐकवले, तेव्हा त्यांच्या मेंदूचा डावा भाग चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच जागा झाला. पहिल्या वर्षात ऐकलेले कोठेतरी उरले होते. बोलायला मात्र ते पुरत नव्हते.

यंदाच्या जूनमध्ये १९९८ ची ती मुलगी आमच्या टेबलापुढे आली. आता तिशी ओलांडलेली, कडेवर अडीच वर्षांचा मुलगा, थोरलीला पहिलीत घालायला आलेली. मराठी छान बोलते, आजीची कृपा. वाचताना मात्र अडखळते, अर्ज नवऱ्याकडून भरून आणला होता. कागद दिले आणि पुढे वाकून तिने तोच प्रश्न विचारला. आम्ही सांगितले, ‘‘बाई, घरात जी भाषा तुला भरभरून येते तीच बोल. स्वयंपाक करताना बोल, धुणे धुताना बोल, भांडताना बोल. कन्नड आणि इंग्रजी ती बाहेर शिकेल, तिच्या डोक्यात जागा आहे. आणि तुझ्या आईला मी तेव्हा जे सांगितले ते चूक होते.’’

ती हसली. म्हणाली, ‘‘सर, आई अजून गल्लीतल्या समद्या सुनांना तेच सांगती. मास्तरांनी सांगितलंय म्हणती.’’

येत्या रविवारी आम्ही त्या गल्लीत जाणार आहोत.